मानवशास्त्र शिकावं का? पुढे नेमकं काम काय असतं?

कुतूहल (धागाकर्ती):

नमस्कार मंडळी,

मी संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या सत्रात ऐच्छिक विषय म्हणून मानवशास्त्राची तोंडओळख घेतली आणि त्या तासाची वाट बघायला लागले. नात्यांचा तक्ता काढायला शिकवला त्या दिवशी मी अक्षरशः भारावून घरी आले. मामा, काका, आत्या, मावशी हे आपले चार शब्द इंग्रजीत गेले की दोनच उरतात, हे माहीत होतंच. पण कोणी कोणाला काय म्हणतं यावर दीडशे वर्षं काम चाललंय, हे माहीत नव्हतं.

घरी सांगितलं तर पहिला प्रश्न आला, "करणार काय पुढे?" मला उत्तर देता आलं नाही. म्हणून इथे विचारतेय. पदव्युत्तर शिक्षण या विषयात घ्यावं का? पीएचडी नसेल तर काम मिळतं का? हा विषय म्हणजे फक्त दूरच्या जमातींचा अभ्यास का? आणि आजवर शिकलेलं संख्याशास्त्र वाया जाईल का? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया लिहा.

नोंदवही:

बावीस वर्षं हेच करतोय, बहुतेक आरोग्याच्या क्षेत्रात. सविस्तर लिहितो.

शेवटचा प्रश्न आधी घेतो. फ्रान्झ बोआस यांना अमेरिकेतल्या मानवशास्त्राचे जनक मानतात. त्यांची डॉक्टरेट (१८८१) भौतिकशास्त्रातली होती, पाण्याच्या रंगावर. १८८३ साली भूगोलाचा प्रश्न घेऊन ते बॅफिन बेटावर गेले, इन्युइट लोकांमध्ये वर्षभर राहिले आणि हळूहळू माणसांकडे वळले. पुढे १९०८ ते १९१० या काळात त्यांनी न्यूयॉर्कमध्ये स्थलांतरित आणि त्यांची मुलं मिळून जवळजवळ अठरा हजार जणांची मापं घेतली. डोक्याचा आकार ही वंशाची कायमची खूण आहे, असं तेव्हा ठामपणे शिकवलं जायचं. नव्या देशात जन्मलेल्या मुलांची मापं आईवडिलांपेक्षा वेगळी निघतात, हे बोआस यांनी आकडेवारीतून दाखवलं. तेव्हा संख्याशास्त्र वाया जाण्याची काळजी सोडा. मुलाखतीही उत्तम घेतो आणि नमुना किती मोठा हवा हेही सांगू शकतो, असा माणूस आमच्या प्रकल्पांना नेहमी हवा असतो.

आता "दूरच्या जमाती". विषयाची सुरुवात तिथून झाली आणि तिच्यावर वसाहतवादाची सावली होती, हे मान्य करूनच पुढे जावं लागतं. आज लोक न्यायालयांवर, प्रयोगशाळांवर, शेअर बाजारावर, रुग्णालयांवर काम करतात. जागा बदलली तरी पद्धत तीच आहे: तिथे दीर्घकाळ राहणं, तिथली भाषा शिकणं, लोक सांगतात काय आणि करतात काय हे दोन्ही बघणं, आणि रोज लिहिणं. या पद्धतीला आज जे रूप आहे ते बरंचसं मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांच्या कामातून आलं. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ ते १९१८ दरम्यान, दोन मुक्कामांत मिळून ते सुमारे दोन वर्षं न्यू गिनीजवळच्या ट्रॉब्रिआंड बेटांवर राहिले. तंबू गावातच ठोकला, भाषा शिकले. त्याआधीचे बरेच अभ्यासक प्रवाशांची आणि मिशनऱ्यांची टिपणं घरी बसून वाचत.

तुम्हाला नात्यांचा तक्ता आवडला म्हणून एक गोष्ट सांगतो. विषयाची ताकद काय, असं कोणी विचारलं की मी हीच सांगतो.

पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात फोरे नावाचे लोक राहतात. गेल्या शतकाच्या मध्याला त्यांच्यात 'कुरू' हा आजार पसरला होता. तोल जायचा, अंग थरथरायचं आणि साधारण वर्षभरात माणूस दगावायचा. मरणाऱ्यांत बायका आणि मुलं जास्त, प्रौढ पुरुष अगदी थोडे. एकेका कुटुंबात अनेक जण जात असल्यामुळे हा आनुवंशिक आजार असावा, असा डॉक्टरांचा अंदाज होता. १९६१ पासून शर्ली लिंडेनबॉम आणि रॉबर्ट ग्लास हे दोन मानवशास्त्रज्ञ तिथे राहिले. त्यांनी घराघरांच्या वंशावळी काढल्या, आणि म्हाताऱ्यांना विचारलं की हा आजार तुम्ही पहिल्यांदा कधी पाहिला, कोणत्या गावात, मग कोणत्या गावात गेला. उत्तरं जुळत गेली. आजार त्यांच्या हयातीतच आला होता आणि गावागावांतून सरकत गेला होता. आनुवंशिक आजार असा प्रवास करत नाही. मग दुसरा प्रश्न: बायका आणि मुलंच का? फोरे लोक आप्ताच्या मृत्यूनंतर शोकविधीचा भाग म्हणून त्याचा देह खात. तो मुख्यतः बायका आणि त्यांच्यासोबतची मुलं खात, पुरुष क्वचितच. तक्त्यातले मृत्यू आणि हा रिवाज एकावर एक ठेवल्यावर चित्र जुळलं. १९६६ मध्ये चिंपांझींवरच्या प्रयोगांतून आजार संक्रमित होतो हे सिद्ध झालं आणि त्या संशोधनासाठी अमेरिकन डॉक्टर गायडुसेक यांना १९७६ चं नोबेल मिळालं. रिवाज १९६० च्या सुमाराला थांबलाच होता, पण आजार शरीरात कित्येक दशकं दडून राहत असल्यामुळे तुरळक रुग्ण पुढेही सापडत राहिले.

तुम्ही वर्गात काढलात तोच तक्ता. त्रिकोण म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे स्त्री.

नोकरीबद्दल बाकीच्यांनी लिहावं, मी नंतर भर घालतो.

शब्दवेल:

सुंदर प्रतिसाद. एक भाषेचा मुद्दा. जुन्या मराठी पुस्तकांत 'मानववंशशास्त्र' असं नाव दिसतं, हल्ली 'मानवशास्त्र' रुळतंय. मला हा बदल फार महत्त्वाचा वाटतो. मधला 'वंश' गेला पाहिजे, कारण तो शब्द विषयाच्या सगळ्यात काळ्या पर्वाची आठवण करून देतो. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली पीएचडी करत होत्या. हे फिशर वांशिक श्रेष्ठत्वाच्या विचाराचे. कवट्यांच्या दोन बाजूंमधली असमानता वंशाप्रमाणे बदलते का, हे इरावतीबाईंनी मोजून पाहायचं होतं. त्यांनी मोजलं आणि तसं काही आढळत नाही, असं लिहून दिलं. परक्या देशात, स्वतःच्या मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध. या विषयात यायचं असेल तर असा कणा लागतो.

अस्थिरेषा:

मी जैविक शाखेतली. पदवीच्या पहिल्या वर्षी कोणीच नीट सांगत नाही म्हणून लिहिते: अमेरिकन परंपरेत सांस्कृतिक, जैविक, भाषिक आणि पुरातत्त्व या चार शाखा एकाच विभागात असतात. इतर बऱ्याच ठिकाणी त्या वेगवेगळ्या विभागांत विखुरलेल्या असतात. प्रवेश घेण्याआधी तिथले प्राध्यापक कशावर काम करतात ते बघ. विभागाच्या नावावर जाऊ नकोस.

माझं काम न्यायवैद्यक मानवशास्त्राचं. हाडांवरून वय, लिंग, उंची, जुन्या जखमा सांगायच्या. लोकांना हे टीव्हीमुळे माहीत असतं, पण या कामाला वजन आलं ते अर्जेंटिनातून. तिथे १९७६ ते १९८३ या लष्करी राजवटीत हजारो माणसं 'बेपत्ता' केली गेली. १९८४ साली क्लाइड स्नो हे अमेरिकन मानवशास्त्रज्ञ तिथे गेले आणि तिथल्या तरुण विद्यार्थ्यांना हाताशी धरून बेनामी कबरींचं शास्त्रशुद्ध उत्खनन सुरू केलं. ते पथक आजही काम करतं. सुरुवात करणारे विद्यार्थी तुझ्यापेक्षा फार मोठे नव्हते.

संख्याशास्त्राबद्दल नोंदवही यांना पूर्ण अनुमोदन. गळपट्टीच्या हाडाचं छातीकडचं टोक शरीरात जवळजवळ सगळ्यात शेवटी जुळून येतं, विशीत, कधी तिशीपर्यंत. तेवढ्यावरून मी "हा माणूस चोवीस वर्षांचा होता" असं म्हणू शकत नाही. "अमुक ते अमुक वयाच्या दरम्यान" असंच म्हणू शकते, आणि तो पट्टा केवढा धरायचा हे संख्याशास्त्रच ठरवतं. ज्या समूहाच्या हाडांवरून सूत्र बनवलं, त्याहून वेगळ्या समूहाला ते लावलं तर चूक होते. न्यायालयात उलटतपासणी नेमकी याच मुद्द्यावर होते.

हाड नाव सांगत नाही. नाव मिळवायला घरच्यांशी बोलावं लागतं: लहानपणी हात मोडला होता का, कोणता दात पडला होता. समोर आई बसलेली असते आणि तिनं आशा सोडलेली नसते. माझ्या अभ्यासक्रमात मुलाखतीचा एकही तास नव्हता, ते सांस्कृतिक शाखेच्या वर्गात जाऊन शिकले. पूर्णवेळ पदं फार थोडी आहेत. आमच्यातले बहुतेक जण विद्यापीठात किंवा संग्रहालयात नोकरी करतात आणि गरज पडली की बोलावले जातात. हे आधी माहीत असलेलं बरं.

मुक्कामपोस्ट:

नोकरीचं मी लिहिते. माझी पीएचडी तिसऱ्या वर्षी सुटली. मार्गदर्शक बदलले, निधी संपला, आणि पुढे काय हे विभागात कोणीही सांगू शकलं नाही. ते वर्ष फार वाईट गेलं. आज एका सॉफ्टवेअर कंपनीत संशोधक म्हणून नऊ वर्षं झाली आणि काम मनापासून आवडतं.

पहिली गोष्ट: जाहिरातीत 'मानवशास्त्रज्ञ' हा शब्द शोधू नकोस, सापडणार नाही. युजर रिसर्च, डिझाइन रिसर्च, कार्यक्रमांचं मूल्यमापन, धरण किंवा खाणीआधीचा सामाजिक परिणामांचा अभ्यास, सार्वजनिक आरोग्य, पुनर्वसन, संग्रहालयं, अभिलेखागारं अशा नावांखाली आपलं काम दडलेलं असतं.

दुसरी: हे आत्ताचं फॅड नाही. १९८० च्या सुमाराला मानवशास्त्रज्ञ ल्युसी सचमन झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात लोक फोटोकॉपीचं यंत्र कसं वापरतात ते पाहत होत्या. त्यांनी दोघादोघांना यंत्रापुढे उभं केलं, म्हणजे ती माणसं एकमेकांशी बोलतील आणि डोक्यात काय चाललंय ते ऐकू येईल. नावाजलेले संगणकशास्त्रज्ञसुद्धा अडखळले. चूक वापरणाऱ्याची नव्हती. माणूस पुढची पायरी परिस्थिती बघून ठरवतो आणि यंत्र मात्र त्याच्या मनात आखलेली योजना आहे असं धरून चालतं, हे त्यातून निघालं. इंटेलनं १९९८ मध्ये जेनेव्हीव्ह बेल यांना घेतलं, त्याही मानवशास्त्रातल्या डॉक्टरेट.

तिसरी, थोडी कडू: इथे दोन वर्षांचं क्षेत्रकार्य मिळत नाही, दोन आठवडे मिळतात. कधी चारच दिवस. "अजून वेळ हवा" हे वाक्य मी सुरुवातीला दर बैठकीत म्हणायचे. आता मी आधीच ठरवून घेते की एवढ्या वेळात कोणत्या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे देता येईल, आणि कोणत्या प्रश्नाचं देता येणार नाही ते लेखी सांगते.

पीएचडी लागतेच का? प्राध्यापकी करायची असेल तर हो, आणि तिथल्या कायम जागा उमेदवारांच्या मानानं कमी आहेत, हे डोळे उघडे ठेवून जा. बाहेरच्या कामाला चांगलं पदव्युत्तर शिक्षण आणि स्वतः केलेले दोन-तीन छोटे अभ्यास पुरतात. मुलाखतीत सिद्धान्तांची नावं घेऊ नकोस. मी अमुक ठिकाणी गेले, सगळ्यांना वाटत होतं तसं, निघालं असं, आणि त्यामुळे हा निर्णय बदलला, एवढं सांगता आलं पाहिजे.

दोन_लेकींचा_बाबा:

थोरली याच विषयात पीएचडी करते. पुढच्या वर्षी चौदा महिन्यांसाठी एकटी क्षेत्रकार्याला जाणार आहे. अभिमान आहेच, पण रात्री झोप लागत नाही. अनुभवी लोकांनी खरं काय ते सांगावं.

नोंदवही:

बाबासाहेब, खरं सांगतो. धोका असतो. १९८१ मध्ये मिशेल रोझाल्डो फिलिपिन्समध्ये क्षेत्रकार्य करताना पायवाटेवरून घसरून दरीत पडून गेल्या. त्यांचे पती रेनातो, तेही मानवशास्त्रज्ञ. दोघांनी आधी तिथल्या इलोंगोत लोकांमध्ये काम केलं होतं. आप्ताच्या मृत्यूचं दुःख झालं की संताप उसळतो आणि तोच आम्हाला दुसऱ्याचा शिरच्छेद करण्याकडे नेतो, असं इलोंगोत म्हातारे त्यांना सांगत. हे उत्तर फार साधं आहे, याच्या मागे आणखी काहीतरी असणार, असं रेनातो यांना वर्षानुवर्षं वाटत राहिलं. पत्नी गेल्यावर तो संताप त्यांनी स्वतः अनुभवला आणि त्या म्हाताऱ्यांनी शब्दशः खरं सांगितलं होतं हे त्यांना कळलं. त्यावरचा त्यांचा निबंध मी दरवर्षी विद्यार्थ्यांना वाचायला देतो.

आता उपयोगाचं. लेकीला हे विचारा: मार्गदर्शकाशी ठरलेल्या दिवशी बोलणं आहे का? जवळचा दवाखाना किती तासांवर? परिस्थिती बिघडली तर परत येण्याचा निर्णय तिचा एकटीचा असेल आणि पदवीवर त्याचा परिणाम होणार नाही, असं विभागानं लेखी दिलंय का? मधे पंधरा दिवस घरी यायची सोय ठेवा. एकटेपणा सगळ्यांना गाठतो. मालिनोव्स्की यांची खासगी रोजनिशी त्यांच्या मृत्यूनंतर, १९६७ मध्ये छापली गेली, तेव्हा तिच्यातली चिडचिड, घरची ओढ आणि तिथल्या लोकांबद्दलचे कठोर शब्द वाचून सगळे हादरले. त्यानंतर निदान या गोष्टी उघडपणे बोलल्या जाऊ लागल्या.

कुतूहल, तुम्हाला एक प्रयोग सुचवतो. प्रवेशाचा निर्णय त्यानंतर घ्या. एखाद्या सार्वजनिक जागी एक तास बसा. वहीच्या पानाचे दोन भाग करा: डावीकडे फक्त दिसलेलं-ऐकलेलं, उजवीकडे तुम्हाला काय वाटलं. त्याच रात्री स्वच्छ उतरवा आणि प्रत काढून दुसरीकडे ठेवा. मानवशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांच्या १९४८ च्या एका गावातल्या क्षेत्रकार्यावर तयार केलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती १९७० मध्ये स्टॅनफर्डला लागलेल्या आगीत जळाल्या, कारण तिन्ही एकाच इमारतीत होत्या. त्यांनी ते गाव आठवणीतून लिहिलं. सगळ्यांना ते जमणार नाही.

डावी-उजवी बाजू का, तर माझी पहिली चूक सांगतो. मी प्रश्नावली घेऊन घरोघर फिरलो, "गेल्या महिन्यात कितीदा आजारी पडलात?" जवळजवळ सगळे म्हणाले, एकदाही नाही. मी खूश, वस्ती निरोगी. तीन आठवड्यांनी कळलं की अंथरुणाला खिळल्याशिवाय तिथे 'आजारी' हा शब्दच वापरत नाहीत. ताप घेऊन लोक कामावर जात होते आणि मी शून्य लिहीत होतो.

पारदर्शक:

प्रयोगाला माझा आक्षेप आहे. न सांगता लोकांच्या नोंदी घ्यायच्या? याच वृत्तीनं नुकसान झालंय. १९९० पासून ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी ग्रँड कॅन्यनच्या दरीत राहणाऱ्या हवासुपाई या आदिवासी लोकांचे रक्ताचे नमुने घेतले. मधुमेहासाठी आहेत अशी लोकांची समजूत होती. पुढे तेच नमुने स्किझोफ्रेनिया आणि पूर्वजांच्या स्थलांतराच्या अभ्यासाला वापरले गेले, आणि आम्ही याच दरीतले, या त्यांच्या श्रद्धेलाच त्या अभ्यासानं हात घातला. २०१० मध्ये विद्यापीठाला सात लाख डॉलर आणि उरलेले नमुने परत द्यावे लागले.

नोंदवही:

आक्षेप योग्य आहे, मी हे आधीच लिहायला हवं होतं. दुरुस्ती करतो. कुतूहल, कोणाचं नाव, चेहऱ्याचं वर्णन, खासगी संभाषण लिहायचं नाही. फोटो नाही. कोणी विचारलं तर काय करताय ते खरं सांगायचं, आणि ते नको म्हणाले तर त्यांच्यासमोर पान फाडायचं. कोणाशी बोललात तर आधी परवानगी. खऱ्या संशोधनात यासाठी नीतिसमितीची मंजुरी लागते आणि तो अर्ज लिहिणं हेसुद्धा शिक्षणच आहे.

कुतूहल:

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचनालयाच्या वाचनकक्षात बसले, एक तासाचे तीन तास झाले. डावीकडचं थोडं टंकते:

"खुर्च्या चाळीस. अकरा जण टेबलावर वस्तू ठेवून बाहेर गेले. नऊ जागा ते येईपर्यंत रिकाम्या राहिल्या. दोन जागांवर दुसरे लोक बसले. त्या दोन्हींवर फक्त पाण्याची बाटली होती. वही किंवा पुस्तक उघडं असलेल्या जागेवर कोणी बसलं नाही. एक अभ्यासू मुलगा बाटलीशेजारी उभा राहिला, इकडेतिकडे पाहिलं, बाटली उचलून टेबलाच्या कडेला ठेवली आणि बसला."

उजवीकडे मी लिहिलं, "उघडी वही म्हणजे माणूस तिथे आहेच." अकरा ही फार लहान संख्या आहे, हे माहीत आहे.

नोंदवही:

छान. 'अभ्यासू' खोडा, तो उजवीकडचा शब्द आहे. मुलगा उभा राहिला, एवढंच तुम्हाला दिसलं. 'इकडेतिकडे पाहिलं' मात्र फार मोलाचं आहे: तो कोणाची तरी हरकत येते का ते पाहत होता. म्हणजे नियम त्याला माहीत होता. नवीन माणसाला हा नियम कोण सांगतं? उद्या दुसऱ्या वेळी जा, आणि परवानगी घेऊन तिथे रोज असणाऱ्या कोणाशी तरी बोला.

कुतूहल:

गेले होते. आज सात जागा, सातही टिकल्या, त्यातल्या दोन फक्त बाटलीच्या! म्हणजे माझा नियम डळमळला. मग ग्रंथपालबाईंना सगळं सांगितलं, इथे लिहू का तेही विचारलं. त्या हो म्हणाल्या. त्यांचं म्हणणं असं, "बाटली लोक विसरून जातात गं. रोज संध्याकाळी चार-पाच गोळा करते मी. वही कोणी विसरत नाही. सकाळी मात्र बाटलीला कोणी हात लावत नाही, कारण सकाळी कोणी घरी गेलेलं नसतं."

काल मी संध्याकाळी बसले होते आणि आज सकाळी.

नोंदवही:

त्यांचं वाक्य त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा, वर तारीख आणि वेळ घाला. आणि प्रत काढा.